न घासणारा सांधा

मोटारीचं पुढचं चाक ज्या लोखंडी हातानं गाडीशी जोडलेलं असतं, त्याला सगळी गॅरेजं लोअर आर्म म्हणतात. त्याच्या एका टोकाला बॉल जॉइंट असतो आणि दुसऱ्या टोकाला दोन बुश. चाक खड्ड्यात उतरलं की हा हात खाली झुकतो, गतिरोधकावर चढलं की वर उठतो, आणि हे झुकणं-उठणं होतं ते त्या दोन बुशांवर. म्हणजे बुश ही बिजागरी झाली. आता दुकानातून आणलेला नवा बुश हातात घ्या आणि त्यात बिजागरी शोधून बघा. बाहेर एक पोलादी नळी, आत दुसरी बारीक पोलादी नळी, दोन्हींच्या मधे काळं रबर. बस्स. आतली नळी बोटांनी फिरवायला जाल तर हलत नाही. तिच्यात बोल्ट घट्ट आवळून लांब पान्यानं जोर लावलात तर ती दहा-पंधरा अंश पिळली जाते, आणि पाना सोडल्याबरोबर होती तिथं परत येते.

रबर दोन्ही नळ्यांना कायमचं चिकटलेलं आहे. त्यात फट नाही, वंगण नाही, एकावर एक घासणारे दोन पृष्ठभाग नाहीत. मला हे यंत्रांच्या जगातलं एक मोठं नवल वाटतं. बिजागरी म्हटली की एक वस्तू दुसरीवर घसरणार, घसरली की झिजणार, झिजू नये म्हणून तेल मागणार. बैलगाडीच्या आसापासून चालत आलेला हा नियम या मूठभर तुकड्यानं बाजूला सारला. बुश आपल्याच अंगात पिळला जाऊन वळतो. आणि ही एवढी एक गोष्ट मनात पक्की धरली, की तो का फाटतो आणि घरी बदलताना कुठं जपायचं, हे कुणी वेगळं शिकवावं लागत नाही.

एके काळी चाकांचे हे सांधे धातूचेच असत. काशाच्या बुशात पोलादी पिन फिरायची आणि प्रत्येक सांध्यावर ग्रीस भरायचं निपल असायचं. ज्यांनी ॲम्बेसिडर बाळगली त्यांना ग्रीसगन हे काय प्रकरण आहे ते ठाऊक असेल. ठरावीक अंतर झालं की गाडीखाली शिरायचं, निपल पुसायचं, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवं दाबायचं. चुकलं की धूळ आणि पाणी आत शिरून पिन खाऊन टाकणार. शिवाय धातूला धातू टेकलेला असल्यामुळे रस्त्यावरचा प्रत्येक खडा थेट बसणाऱ्याच्या हाडांपर्यंत पोचायचा.

रबरानं हे चित्र बदलायला सुरुवात केली ती १९२० आणि ३० च्या दशकांत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईरी गावी ह्यू लॉर्ड या पेटंट-वकिलानं धातूला रबर चिकटवून कंपन शोषणारे आधार बनवायचा कारखाना १९२४ मध्ये काढला. १९३१ मध्ये क्रायस्लर कंपनीनं आपल्या प्लिमथ गाडीचं चार सिलिंडरचं थरथरणारं इंजिन रबराच्या दोन आधारांवर तोलून धरलं आणि त्या रचनेला ‘फ्लोटिंग पॉवर’ असं नाव देऊन जाहिराती केल्या. इंजिन थरथरत राहिलं, पण थरथर गाडीत उतरेनाशी झाली. हळूहळू चाकांच्या सांध्यांतही हेच रबर आलं आणि निपलं एकेक करून नाहीशी झाली.

या सगळ्याच्या मुळाशी चार्ल्स गुडइयरचा ध्यास आहे. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट लगदा होतं आणि थंडीत कडक होऊन तडकतं. १८३९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये गंधक मिसळलेलं रबर तापलेल्या शेगडीवर पडलं आणि वितळायच्या ऐवजी चामड्यासारखं टिकाऊ झालं, हे त्यानं पाहिलं. १८४४ मध्ये पेटंट मिळालं, पण १८६० मध्ये तो मेला तेव्हाही कर्जातच होता. त्याच्या रबराचे नमुने घेऊन स्टीफन मोल्टन नावाचा माणूस इंग्लंडला गेला होता आणि १८४८ मध्ये त्यानं ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन इथल्या एका ओसाड लोकरीच्या गिरणीत रबराचा कारखाना उभा केला. पुढं त्याच्याच पणतूनं, ॲलेक्स मोल्टननं, १९५९ च्या मिनी गाडीसाठी पोलादी स्प्रिंगा काढून टाकून त्यांच्या जागी रबराचे शंकू बसवले. पणजोबांनी बोटीतून नेलेल्या नमुन्यांपासून पणतूच्या गाडीपर्यंत एकाच पदार्थाचा वेध घेणारं असं घराणं क्वचित सापडतं.

आणि हा पदार्थ आपल्यालाही परका नाही. भारतातलं बहुतेक नैसर्गिक रबर केरळात होतं, पण सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आणि गोव्यातही रबराच्या बागा आहेत. झाडाच्या सालीवर तिरपी चीर, चिरेखाली बांधलेली वाटी, वाटीत ठिबकणारा पांढरा चीक. चाकांच्या बुशांसाठी आजही जास्त करून असलंच झाडाचं रबर वापरतात. कारखान्यात बनणारी कृत्रिम रबरं तेल आणि उष्णता जास्त सोसतात, तरी एका बाबतीत झाडाचं रबर त्यांना हरवतं. ते फार ताणलं की त्यातले रेणू रांगेत लागून जागच्या जागी स्फटिक बनतात. एखादी चीर पडली की चिरेच्या टोकाशी ताण सगळ्यात जास्त असतो, म्हणून तिथंच हे स्फटिक तयार होतात आणि चिरेची वाट अडवतात. जिथं फाटायला लागतं तिथंच बळकट होणारा पदार्थ! ताण उतरला की स्फटिक विरघळून जातात.

पण पिळलेलं रबर परत का येतं? पोलादाची स्प्रिंग परत येते कारण तिच्यातले अणू एकमेकांपासून ओढले गेलेले असतात आणि त्यांना मूळ अंतरावर यायचं असतं. रबराचं कारण अगदी निराळं आहे. रबराचा रेणू म्हणजे हजारो कड्यांची लांब साखळी, आणि उष्णतेमुळे त्या साखळीची प्रत्येक कडी सतत वळवळत असते. शाळेच्या सहलीत हात धरून चालणारी मुलांची रांग आठवा. दोन्ही टोकांना बाई उभ्या राहून ओढून धरतात तोवर ती सरळ. बाईंनी ओढ सैल केली की मुलं आपापल्या मर्जीनं इकडंतिकडं पळणार आणि रांगेची दोन टोकं जवळ येणार. मागं ओढायचं असं कुणा मुलाच्या मनात नसतं. सरळ रांगेची तऱ्हा एकच, वेड्यावाकड्या रांगेच्या हजारो, म्हणून रांग वाकडी होते. रबराची ओढ ती हीच. आणि मुलं जितकी जास्त दंगेखोर, तितकी बाईंना लागणारी ताकद जास्त. म्हणूनच वजन टांगून ताणलेलं रबर तापवलं तर ते लांबायच्या ऐवजी आखडतं आणि वजन वर उचलतं.

हे गुपित पहिल्यांदा हेरलं ते जॉन गॉफ यानं. इंग्लंडमधल्या केंडल गावचा हा अभ्यासक लहानपणी देवीच्या रोगानं आंधळा झाला होता. त्यानं रबराची पट्टी ओठांना लावून ताणली आणि ती गरम होते हे त्याला जाणवलं. १८०५ मध्ये त्याचं टिपण छापून आलं, १८५९ मध्ये जूल या भौतिकशास्त्रज्ञानं काटेकोर मोजमापं करून ते खरं ठरवलं. हा प्रयोग तुम्ही आत्ता करू शकता. रुंद रबरबँड घ्या, वरच्या ओठाला टेकवा, झटकन ताणा. ऊब लागेल. तसाच ताणून थोडा वेळ थांबा, त्याला हवेइतका गार होऊ द्या, आणि ओठाशी धरूनच सैल सोडा. आता गारवा लागेल. ओठाला जाणवणारी ही ऊब आणि तुमच्या गाडीचा पिळलेला बुश सरळ करणारं बळ, दोन्हींचं मूळ त्या वळवळणाऱ्या साखळ्यांत आहे. गंधकाचं काम एवढंच, की साखळ्यांना मधेमधे एकमेकींशी बांधून ठेवायचं, म्हणजे त्या सरकून निसटत नाहीत.

रबराचा दुसरा गुण तर बुशाच्या रचनेचा प्राणच आहे. रबर मऊ असतं हे आपण सगळे मानतो, पण ते मऊ असतं फक्त आकार बदलायला. आकारमान बदलायला, म्हणजे चारही बाजूंनी कोंडून दाबायला गेलात तर ते पाण्याइतकं हट्टी असतं. आकार बदलायला जितका जोर लागतो त्याच्या हजारपटीहून जास्त जोर आकारमान कमी करायला लागतो. आता दोन नळ्यांच्या मधे अडकलेलं रबर डोळ्यासमोर आणा. आतली नळी पिळली तर रबर फक्त तिरपं होतं, आकारमान तेच, म्हणून ते सहज पिळलं जातं. पण आतली नळी एका बाजूला ढकलली तर त्या बाजूच्या रबराला पळायला जागा नाही, म्हणून ते घट्ट उभं राहतं. वळायला मऊ आणि ढकलायला कठीण: बिजागरीकडून आपल्याला नेमकं हेच हवं असतं, आणि ते एका एकजिनसी पदार्थातून केवळ आकाराच्या जोरावर मिळतं.

याच तत्त्वावर पूल उभे आहेत. एखाद्या उड्डाणपुलाखाली उभं राहून वर नजर टाका. खांबाच्या माथ्यावर, गर्डरच्या खाली, काळसर चपटे ठोकळे दिसतील. ते रबराचे असतात आणि त्यांच्या पोटात पोलादी पत्रे घातलेले असतात. शेकडो टन वजन ते सहज पेलतात, पण उन्हानं पूल लांबला की निमूटपणे तिरके होऊन त्याला सरकू देतात. २००१ च्या भूकंपानंतर भूजमध्ये नव्यानं बांधलेलं रुग्णालयही शिसं आणि रबर यांच्या अशाच आधारांवर बसवलेलं आहे.

लोअर आर्मच्या दोन बुशांत सहसा एक लहान आणि घट्ट असतो, दुसरा मोठा, आणि मोठ्याच्या रबरात चंद्रकोरीसारख्या आरपार पोकळ्या ठेवलेल्या दिसतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, रबर तुटलंय. खरं तर त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. रबराला पळायला जागा दिली की त्या दिशेला बुश मऊ होतो. चाक खड्ड्याच्या काठावर आपटलं की गाडीच्या पुढच्या-मागच्या दिशेत काही मिलिमीटर मागं सरकतं आणि धक्का गिळला जातो. वळणावर बाजूनं जोर आला तर त्या दिशेला पोकळी नाही, तिथं तो ताठ राहतो आणि चाक हेलकावत नाही. आंबोलीच्या घाटात गाडी वळणाला चिकटून उतरते आणि तरीही उखडलेल्या डांबरावर दात वाजत नाहीत, ते या कोरींची दिशा कुणीतरी विचारपूर्वक ठरवली म्हणून. बदलताना ही दिशा चुकली तर सगळी मेहनत उलटी पडते, हे आत्ताच मनात नोंदवून ठेवा.

आवाजाचंही तसंच. पोलादातून आडवे तरंग सेकंदाला सुमारे ३२०० मीटर वेगानं धावतात, मऊ रबरातून शंभर मीटरच्याही आत. दोन पदार्थांत एवढी तफावत असली की त्यांच्या सीमेवरून तरंगाचा बहुतेक भाग माघारी फिरतो. टायरची घरघर लोअर आर्मपर्यंत येते आणि बुशाच्या उंबरठ्यावरून परतते.

एवढं सगळं करणारं रबर पोलादाला चिकटतं कसं, हा प्रश्न मला फार दिवस छळत होता, कारण दोघांचं मुळात जमत नाही. जुनी युक्ती पितळेची होती. धातूवर पितळेचा पातळ मुलामा द्यायचा, रबर तापवून पक्कं करताना त्यातलं गंधक पितळेतल्या तांब्याशी जुळतं आणि रासायनिक गाठ बसते. टायरमधल्या पोलादी तारांना आजही याच कारणासाठी पितळेचा मुलामा असतो. बुशांसाठी आता खास चिकटद्रव्यं वापरतात. सांधा इतका पक्का होतो की चांगला बुश ओढून फाडला तर रबर मधेच फाटतं, चिकटलेली कड सुटत नाही. यानंतरची पायरी मला सगळ्यात आवडते. साच्यात दीडशे अंशांच्या आसपास तापवलेलं रबर गार होताना पोलादापेक्षा कितीतरी जास्त आकसतं, त्यामुळं दोन नळ्यांच्या मधे ताणलं जातं. ताणलेलं रबर लवकर चिरतं. म्हणून बाहेरची नळी शेवटी साच्यातून दाबून किंचित लहान करतात. ताण जातो, उलट थोडा दाब येतो, आणि बुशाचं आयुष्य वाढतं.

तरी तो कधीतरी जातोच. इंजिनाची आणि ब्रेकची धग, इंजिनातून ठिबकणारं तेल, खड्ड्यांचे दणके हे त्याचे उघड शत्रू. तेल लागलेलं झाडाचं रबर फुगतं आणि लोण्यासारखं मऊ पडतं. छुपा शत्रू म्हणजे हवेतला ओझोन. अगदी नाममात्र असला तरी तो ताणलेल्या रबराच्या साखळ्या तोडतो आणि ताणाला काटकोनात बारीक चिरा पाडतो. वरवरच्या अशा चिरा दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. रबर धातूपासून सुटलं असेल किंवा चीर खोल आत गेली असेल तर मात्र बुश संपला. काही मोठ्या गाड्यांच्या बुशांत द्रव भरलेला असतो. त्यातून काळपट ओघळ आला की तोही संपला.

ओळखायच्या खुणा साध्या आहेत. गतिरोधकावरून उतरताना पुढून ‘खट्ट’ असा एकच बोजड आवाज. ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते, सोडला की उलट्या बाजूला झुकते. टायर आतल्या कडेनं जास्त झिजतो. गाडी उचलून, घोडीवर म्हणजे लोखंडी स्टँडवर टेकवून, आर्म आणि चेसिस यांच्या मधे छोटी पहार घालून हळू रेटा. चांगला बुश किंचित दबून परत येतो. गेलेल्या बुशात आतली नळी ढिली हलते आणि रबराची फाटलेली तोंडं उघडझाप करताना दिसतात.

आता काम. मी इथं सांगतोय ते मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांबद्दल. त्यांत स्प्रिंग शॉक ॲब्सॉर्बरभोवती वेगळी बसवलेली असते, म्हणून आर्म काढताना ती उसळत नाही. ज्या गाड्यांत स्प्रिंग थेट आर्मवर टेकलेली असते, त्यांच्या वाटेला घरी जाऊ नका. त्या दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद असते.

सगळ्यात आधी, गाडी सपाट जमिनीवर आपल्या पायांवर उभी असताना, टेप घेऊन चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहून ठेवा. हे माप शेवटी लागणार आहे. मग हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, चाकाचे नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल. जॅकनं उचला आणि गाडी घोडीवर टेकवा. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

चाक काढल्यावर गंजलेल्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून थांबायची तयारी ठेवा. घाईनं आटे गेले तर तासांचं काम दिवसांवर जातं. बॉल जॉइंट सोडवा, आर्मला स्टॅबिलायझरची लिंक जोडलेली असेल तर ती काढा, मग बुशांचे बोल्ट. आर्म हातात आला की जुना बुश हलवायच्या आधी त्याच्या कोरी कुठल्या दिशेला आहेत त्याची खूण रंगानं आर्मवरच करा, आणि तो किती आत बसलाय तेही मोजा. फोटो काढा, पण रंगाची खूण चुकवू नका.

जुना बुश बाहेर काढायचा तर घरच्या घरी लांब आट्यांचा रॉड, दोन जाड वॉशर, दोन नट आणि दोन नळ्यांचे तुकडे पुरतात. एक तुकडा बुश ज्यात मावेल असा मोठा, तो आर्मच्या एका बाजूला. दुसरा बुशाच्या बाहेरच्या नळीपेक्षा जेमतेम लहान, तो दुसऱ्या बाजूला. रॉड मधून घालून नट आवळत गेलं की बुश मोठ्या नळीत सरकतो. रॉडच्या आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर निम्मी ताकद तिथंच जाते. गंजानं धरून ठेवलं असेल तर रबर ड्रिलनं कोरून काढा आणि बाहेरची नळी हॅकसॉनं आतून लांबीत कापा, आर्मला पातं न लागू देता. काही जण रबर जाळून काढतात. तो धूर फुप्फुसांत घेण्याच्या लायकीचा नाही आणि आर्मचं पोलादही तापून बिघडू शकतं, म्हणून ते करू नये.

नवा बुश बसवताना जोर कायम बाहेरच्या नळीवर. आतल्या नळीवर जोर दिला तर तो सगळा रबरातून जातो आणि बसायच्या आधीच रबर सुटतं. बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायची युक्ती खरी आहे, पण तिच्याकडून किती अपेक्षा करायची ते हिशेबानं बघा: ४० मिलिमीटर व्यासाची पोलादी नळी तीस अंशांवरून उणे अठरावर नेली तर सुमारे ०.०२ मिलिमीटर आकसते. मदत होते, चमत्कार नाही. आर्मचं भोक पॉलिश पेपरनं स्वच्छ करून साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस रबराला लागू देऊ नका. आणि हे सगळं जमत नसेल तर आर्म पिशवीत घालून जवळच्या लेथवाल्याकडं न्या. त्याच्या हायड्रॉलिक प्रेसवर काही मिनिटांचं काम आहे. फक्त ‘दादा, दाब बाहेरच्या रिंगवर द्या, आणि खूण खुणेला लावा’ एवढं सांगून समोर उभं राहायचं. यात कमीपणा काहीच नाही. ज्या गाड्यांचे बुश सुटे मिळत नाहीत त्यांचा आख्खा आर्मच बदलावा लागतो, आणि बॉल जॉइंटही जुना झाला असेल तर तसाही तेच शहाणपणाचं.

आर्म परत जागेवर चढवा, बोल्ट घाला, आणि थांबा. बुशांचे बोल्ट अजून आवळायचे नाहीत. अनेक बुश इथंच मारले जातात. चाक हवेत लोंबतंय, हात सहज पोचतोय, म्हणून बोल्ट आत्ताच कचकन आवळावासा वाटतो. पण बोल्ट आवळला की आतली नळी चेसिसला घट्ट धरली जाते, आणि त्या क्षणी आर्म ज्या कोनात असेल तो कोन रबराची विश्रांतीची जागा ठरतो. आर्मची लांबी ३३ सेंटिमीटर धरली आणि चाक नेहमीच्या जागेपेक्षा ८ सेंटिमीटर खाली लोंबत असेल, तर हा कोन जवळजवळ १४ अंशांनी चुकलेला असतो. गाडी जमिनीवर उतरली की रबर १४ अंश पिळलेलं, आणि रात्रंदिवस तसंच. गाडी रस्त्यावर असताना तिचं अंग सेकंदाला साधारण एक-दीड वेळा वरखाली होतं, म्हणजे तासाला चार-पाच हजार हेलकावे, आणि प्रत्येक वेळी त्या १४ अंशांवर आणखी पीळ चढतो. पीळ सगळ्यात जास्त पडतो आतल्या नळीलगत, कारण तिथला घेर सगळ्यात लहान. वर्षानुवर्षं टिकायचा बुश मग तिथूनच उलू लागतो आणि दुकानदाराला बोल लागतो.

म्हणून चाकाच्या हबखाली जॅक लावून ते हळूहळू उचला, सुरुवातीला लिहून ठेवलेलं टेपचं माप जुळेपर्यंत. गाडी घोडीवरून उचलली जातेय असं दिसलं तर थांबा, आणि त्याऐवजी चाकं लावून गाडी भक्कम रॅम्पवर चढवा. आता आर्म रोजच्या कोनात आहे. आता टॉर्क रेंच घ्या आणि तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याला बोल्ट आवळा. अंदाजानं नको. सैल राहिला तर आतली नळी चेसिसवर घासत फिरेल, आणि रबरानं जे घासणं टाळलं होतं तेच पुन्हा सुरू होईल. लॉकनट असतील तर नवेच लावा.

पॉलियुरेथेनचे रंगीत बुश कुणी सुचवेल. ते कडक असतात, तेलाला बधत नाहीत, आणि त्यातले बरेच आतल्या नळीवर खरोखर घसरतात, म्हणून त्यांना ग्रीस लागतं आणि ते सुकलं की कुरकुर ऐकू येते. शर्यतीच्या गाडीला ते शोभतात. घरच्या गाडीला, आपल्या रस्त्यांवर, मी डोळे झाकून रबरच बसवीन.

दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदला, नाहीतर एक चाक ताठ आणि एक सैल अशी गाडी ब्रेकला ओढत राहील. काढलेले जुने बुश टाकायच्या आधी एखादा व्हाइसमध्ये धरून हॅकसॉनं उभा चिरून बघा. फाटलेलं तोंड बहुतेक वेळा आतल्या नळीपाशी सुरू झालेलं असेल, जुना भाग धुळीनं मळकट आणि शेवटी फाटलेला भाग ताजा काळा. कुठून कुठं चीर गेली ते स्पष्ट वाचता येतं.

त्यानंतर गाडी थेट व्हील अलाइनमेंटला न्यायची. ढिल्या बुशांनी चाक इतके दिवस भलत्या कोनात धरलं होतं, आणि कदाचित कुणीतरी त्या भलत्या कोनालाच जमवून टाय रॉड फिरवून ठेवला असेल. नव्या बुशांनी चाक मूळ जागी आणलं की जुनी जमवाजमव चुकीची ठरते आणि नवे टायर महिन्या-दोन महिन्यांत एका कडेनं खरवडले जातात. अलाइनमेंटवाल्याला बुश नवे आहेत हे आधी सांगा, आणि थोडी गाडी चालवून झाल्यावर बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क रेंचनं तपासा, चाकं जमिनीवर असतानाच.